वारणाकाठची नाहीशी झालेली ख्रिस्ती दफनभूमी: इतिहास कुठून लावायचा?

वारणाकाठ
पन्हाळा तालुक्यात वारणेच्या अंगाला एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. जागा आज एका शेतकऱ्याच्या वहिवाटीत आहे आणि उद्या त्याच्या बांधावर दहा गाड्या उभ्या राहायला नकोत. अमेरिकन मिशनच्या काळात गावात मातीच्या भिंतींचं, कौलारू छोटं चर्च होतं आणि त्याला लागून ख्रिस्ती मंडळींची दफनभूमी. चर्च पडलं, माणसं मिरज, कोल्हापूर, मुंबईला पांगली. दफनभूमीवर आता ऊस आहे. सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नाही, गावनकाशावर नाही, कोरीव अक्षरांचा एकही दगड शिल्लक नाही.

जागेवर दिसतं ते एवढंच: बांधाला दोन जुने पांढरे चाफे, विहिरीच्या काठाला मंगलोरी कौलांची खापरं आणि बांधात रचलेले तीन-चार घडीव काळे दगड.

तीन गोष्टी हव्या आहेत. जागा कुठून कुठपर्यंत होती? तिथं कोण आणि साधारण किती माणसं पुरलेली आहेत? आणि कागदावरून ती कधी, कशी गेली? जाणकारांनी क्रमानं सांगावं. ही माणसं याच गावची होती, निदान त्यांची नावं तरी गावाला परत मिळावीत.

रंकाळा_वेस
लई मोलाचा धागा काढलास भावा. पण चाफा बघून हुरळू नको. चाफा देवळापुढं असतो, कबरस्तानात असतो, मठात असतो. एकट्या चाफ्यावर काही ठरत नाही.

मंडळीचे_दप्तर
सुरुवात मिशनच्या कागदांपासून करा, जमिनीच्या कागदांपासून नको. नावं आणि वर्षं हातात असली की जमिनीचे कागद कोणत्या दशकातले मागायचे ते कळतं.

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले. १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशन बोर्डाकडे गेलं. मग रत्नागिरी १८७३, पन्हाळा १८७७, सांगली १८८४ अशी केंद्रं झाली, आणि मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला दवाखाना उभा केला. वारणेच्या पट्ट्यात कोडोली हे मोठं केंद्र. तुमच्या गावची मंडळी त्या बाजूचीच असणार, त्यामुळे पहिली चौकशी कोडोलीकडच्या जुन्या दप्तराची करा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कागदांवरचं शीर्षक दोनदा बदलतं. आधी प्रेसबिटेरियन मिशन, १९२४ पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय. वही तीच असते, वरचा शिक्का वेगळा. नुसतं 'सीएनआयचं रजिस्टर' मागितलंत तर १९७० च्या पुढचंच हातात पडेल.

दुसरं म्हणजे प्रेसबिटेरियन मंडळीत दफनाची वेगळी वही असेलच असं नाही. अँग्लिकन चर्चमध्ये ती ठरलेल्या रकान्यांची असते: नाव, वय, दफनाची तारीख, विधी करणाऱ्याची सही. प्रेसबिटेरियन मंडळीत तीन वह्या बघाव्या लागतात. एक, सहभागी सभासदांची यादी. तिच्यात शेवटच्या रकान्यात 'मृत', 'दाखला देऊन बदली' किंवा 'नाव काढले' असा शेरा असतो. दोन, बाप्तिस्म्याची वही. लहान मुलं सभासदांच्या यादीत येत नाहीत, त्यांचा मृत्यू बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहिलेला सापडतो. तीन, सेशनचं इतिवृत्त, म्हणजे पाळक आणि वडील मंडळींच्या बैठकांची वही. दफनभूमीचं कुंपण, खड्डा खणायची मजुरी, जागेवरून झालेली भांडणं, हे सगळं तिथं येतं.

तिन्ही वह्यांतून नावं काढून एक तक्ता करा: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, बाप्तिस्म्याचं वर्ष, मृत्यूचं वर्ष, वय, कुठल्या वहीत. 'बदली' शेऱ्याची माणसं वगळा. ती दुसरीकडे गेली आणि बहुधा तिथंच पुरली गेली.

१९१८ चा ऑक्टोबर आणि आजूबाजूचे महिने नीट बघा. इन्फ्लुएन्झाची मोठी लाट तेव्हाच होती. त्याआधी १८९६ नंतरची प्लेगची वर्षं. अशा काळात नोंदी एकाच हातानं, एकाच शाईनं, एका दिवशी बसून उतरवलेल्या असतात. म्हणजे त्या मागाहून लिहिल्या, आणि तारखा अंदाजे आहेत असं समजायचं.

कसबा_बावडा
मंडळीचे_दप्तर, उत्तम प्रतिसाद. एक विचारतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या दफनाच्या नोंदी आहेत ना, एन/३ मालिका? तिथं नाही का मिळणार? आणि बाक्सा ही संस्था १९७६ पासून भारतातल्या जुन्या ख्रिस्ती कबरींच्या नोंदी करतेय.

मंडळीचे_दप्तर
@कसबा_बावडा, दोन्ही चांगली साधनं, पण ती युरोपियन माणसांसाठी. एन/३ मध्ये मुख्यतः पाद्र्यांनी वर पाठवलेली विवरणं आहेत, बाक्साचा भर अक्षरं कोरलेल्या कबरींवर. वारणाकाठच्या गावातला ख्रिस्ती शेतमजूर किंवा शाळामास्तर तिथं भेटणार नाही. मिशनरी कुटुंबातलं कुणी, विशेषतः लहान मूल, या गावात पुरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी फिलाडेल्फियातल्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत मिशनची पत्रं आणि वार्षिक अहवाल आहेत. अहवालात गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये पार वेडीवाकडी असतात. एकाच गावाची चार-पाच रूपं आधी लिहून ठेवा, मग शोधा.

फेरफार_सहा
आता जमिनीचे कागद. इथंच बहुतेक जण अडकतात, कारण ते आजच्या सातबाऱ्यापासून मागं जातात. आधी जुना नंबर काढा, मग मागून पुढं या.

आजचा नंबर गट नंबर असेल. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी गट पडले तेव्हा जुने सर्वे नंबर मोडून नवे गट झाले. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांत अजून रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्वे नंबर चालतो. तुमचं गाव कुठल्या प्रकारात ते आधी बघा. गट असेल तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून ९(३), ९(४) चे उतारे मागा. कोणता जुना नंबर कोणत्या गटात गेला ते त्यात कळतं.

जुना नंबर हातात आला की पुढचे कागद या क्रमानं:

आकारबंद. त्या नंबराचं एकूण क्षेत्र, लागवडीलायक किती, पोटखराब म्हणजे लागवडीबाहेरचं किती. तुमचा मुद्दा बहुधा इथंच सुटेल. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नाल्याची, लागवडीला नालायक जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, तळं, किंवा दहन-दफनासाठी वापरात असलेली, सार्वजनिक कामाला दिलेली जमीन. वर्ग अ लागवडीखाली आणता येतो, ब नाही. जुन्या आकारबंदात चार-सहा गुंठे 'ब' दिसला आणि त्या नंबरातून ना रस्ता जातो ना ओढा, तर ती तुमची दफनभूमी असू शकते.

टिपण. मूळ मोजणीवेळी जागेवर काढलेलं कच्चं रेखाटन. प्रमाणात नसतं, पण मधली रेषा आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्याचा लंब आकड्यात लिहिलेला असतो. झाड, विहीर, देऊळ, थडगं अशा खुणाही अनेकदा दाखवतात.

गुणाकार बुक. टिपणातल्या आकड्यांवरून त्रिकोण आणि समलंब चौकोन करून काढलेलं क्षेत्र. टिपण फाटलं असेल तर यातून आकार परत उभा करता येतो.

फाळणी बारा. पुढं हिस्से पडले असतील तर त्या हिश्श्यांच्या मोजणीचा कागद.

आणि शेवटी फेरफार, गाव नमुना सहा. जुने फेरफार 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. तिथं नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कलेचा अर्ज करा. जमीन तुमच्या नावावर असायची गरज नाही, नक्कल कुणालाही मागता येते. मोजणीचं मात्र तसं नाही, तिथं खातेदारच अर्जदार लागतो.

जागा कागदावरून जाते ती बहुतेक वेळा गट पाडताना. जुन्या नंबरातला तुकडा शेजारच्या खातेदाराच्या गटात मिसळतो, हेक्टर-आरमध्ये आकडे बदलतात, आणि पोटखराबाचा रकाना नव्या कागदावर रिकामा राहतो. त्यात दरवेळी कुणाचा डाव असतो असं नाही. कारकुनानं शंभर नंबर एका बैठकीत उतरवलेले असतात.

हुजूरदप्तर
फेरफार_सहा यांच्या यादीत एक घालतो. १ मार्च १९४९ पर्यंत हे सगळं कोल्हापूर संस्थान होतं. मिशनला जागा इंग्रज कलेक्टरनं दिलेली नाही, दरबारनं दिली. म्हणजे मूळ हुकूम दरबारच्या दप्तरात, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावा लागेल, आणि तो बहुतेक मोडी लिपीत असेल.

संस्थानात सहा पेटे, म्हणजे तालुके होते: करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड. तुमचं गाव पन्हाळा पेट्यात खालसा, म्हणजे थेट दरबारकडे होतं की विशाळगड, बावडा अशा एखाद्या जहागिरीत होतं, हे आधी ठरवा. जहागिरीचं गाव असेल तर कागद जहागिरीच्या दप्तरात जातात आणि दरबारच्या दप्तरात नुसता हवाला सापडतो.

तारखा वाचताना गोंधळ होतो, म्हणून सोपा हिशेब. जुन्या कागदांवर इसवी सनाऐवजी फसली किंवा शुहूर सन असतो. फसली सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१. फसली १३१० म्हणजे १९००-०१. शुहूर सन असेल तर ५९९ आणि ६००. महिना न बघता सरसकट एकच आकडा मिळवला की एक वर्ष चुकतं आणि मग नोंद सापडत नाही.

शिवाय वारणा ही हद्द होती. दक्षिणेला कोल्हापूर संस्थान, उत्तरेला इंग्रजांचा सातारा जिल्हा. पलीकडच्या वाळवे तालुक्यातली ख्रिस्ती कुटुंबं अलीकडे पुरायला येत असतील तर माणसाचा जन्म एका राज्यात आणि दफन दुसऱ्यात. अशा नावांची जन्म-मृत्यूची सरकारी नोंद पलीकडच्या गावाला बघायची.

गांधीनगरकर
विषयांतर होतंय, पण कोल्हापुरातली हरवलेली ख्रिस्ती वस्ती म्हटलं की वळिवडे आठवल्याशिवाय राहत नाही. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथं राहत होते, बायका आणि मुलंच जास्त. सैबेरियातून इराणमार्गे आलेले. त्यांचं स्वतःचं चर्च होतं, शाळा, दवाखाना होता. पुढं तिथं सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. ते चर्च गेलं, पण त्यांच्या कबरी शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

रंकाळा_वेस
महावीर उद्यानात त्यांचं स्मारक पण आहे. पोलंडची माणसं अजून येतात, फुलं वाहतात.

हुजूरदप्तर
@गांधीनगरकर, विषयांतर नाही, फरक समजण्यासारखा आहे. वळिवडेच्या लोकांनी स्वतःच्या याद्या ठेवल्या, देशोदेशी गेल्यावरही संघटना केल्या, म्हणून नावं टिकली. वारणाकाठच्या मंडळींची यादी ठेवणारं कुणी उरलं नाही. दगड तर दोन्हीकडे थोडेच होते.

माळावरचा_मास्तर
आता जागेवर काय बघायचं. आमच्या भागात पुरणारे समाज अनेक आहेत, त्यामुळे जुनं थडगं दिसलं की ख्रिस्तीच असं धरू नका.

ख्रिस्ती कबर पूर्व-पश्चिम. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. मुसलमानांची कबर उत्तर-दक्षिण, तोंड पश्चिमेकडे. लिंगायतांत देह बसवून समाधी देतात, त्यामुळे खड्डा लांबट नसतो, चौकोनी किंवा गोल असतो, आणि वर शिवलिंग किंवा नंदी. गोसावी, नाथपंथी समाध्याही बसत्या. हिंदूंत लहान मुलांना पुरतात, पण ती जागा गावाच्या स्मशानाला लागून असते आणि रांगा नसतात.

गरीब मंडळीच्या कबरीवर कोरीव दगड नसतो. उशाला एक धोंडा, पायथ्याला एक. म्हणून बांधातले काळे दगड बघताना अक्षर शोधू नका, आकार शोधा. एक बाजू घडीव आणि खालचा हातभर भाग ओबडधोबड असेल तर तो उभा पुरलेला दगड होता. जमिनीच्या रेषेपाशी रंग बदललेला दिसतो. खाली मातीचा डाग, वर दगडफूल.

पाटगावचा_भाऊ
दगडफूल म्हणजे आपल्या मसाल्यातलंच ना सर? मग कोल्हापूरकर थडग्यावर पण तांबडा रस्सा शोधणार!

माळावरचा_मास्तर
@पाटगावचा_भाऊ, त्याच जातकुळीतलं, पण ते खरवडू नका, मसाल्यासाठी पण नाही आणि अक्षर वाचायला पण नाही. दगडफूल दगडाच्या वरच्या थरात शिरलेलं असतं, खरवडलं की थरासकट अक्षर जातं. तारेचा ब्रश, अॅसिड, ब्लीचिंग पावडर, खडूची भुकटी, काहीही लावायचं नाही. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, बास. अक्षर वाचायला संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेनं, अगदी सपाट धरा. दिवसा आरशानं ऊन तिरकं टाका. तीच ओळ डावीकडून, उजवीकडून, वरून उजेड टाकून तीन फोटो घ्या. एका फोटोत काना दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो.

शिशाची अक्षरं बसवलेला दगड असेल तर अक्षरं कुणीतरी आधीच उपटून नेलेली असतात. मग खिळ्यांची बारीक भोकं उरतात, प्रत्येक अक्षराला दोन किंवा तीन. भोकांची मांडणी कागदावर उतरवली की शब्द ओळखता येतो. भोकांत सिमेंट भरू नका.

तुटलेला दगड सिमेंटनं जोडणं हीसुद्धा मोठी चूक. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी आत अडतं, आणि चार पावसाळ्यांत जोडाच्या दोन्ही बाजूंनी दगडच फुटतो. चुन्याचा दर्जा सिमेंटला नाही, निदान या कामात.

काळीरान
उसाच्या रानात ओळखायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. उभ्या उसात काही दिसत नाही, त्यामुळे वेळ निवडावी लागते.

वारणाकाठी वरचा थर काळा, दोन-तीन फूट, त्याखाली पिवळट मुरूम. कबर खणताना मुरूम वर येतो आणि भरताना काळ्या मातीत मिसळून जातो. ते परत कधी वेगळं होत नाही. ऊस तुटून, खोडवा मोडून, रान नांगरून पहिला वळीव पडला की माती धुऊन निघते आणि काळ्या रानात फिकट पट्टे उठतात. मोठ्या माणसाची कबर सहा-सात फूट लांब, दोन-अडीच फूट रुंद. मुलांची तीन-चार फुटांची. पट्टे पूर्व-पश्चिम असतील आणि रांगेत असतील तर ख्रिस्ती कबरींचीच शक्यता मोठी. नांगरानं मुरूम ओढलेला असतो, म्हणून पट्ट्याला नांगराच्या दिशेनं शेपूट येतं. त्या शेपटाला कबरीची लांबी समजू नका.

हे पट्टे फार दिवस राहत नाहीत. रोटाव्हेटर फिरला की संपलं. त्याआधी सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना, विहिरीच्या धक्क्यावरून किंवा ड्रोननं फोटो घ्या. फोटोत मापासाठी लाल-पांढरी काठी ठेवा.

दुसरी संधी फेरपालटाच्या वर्षी. रानात गहू किंवा हरभरा असेल तर पुरलेल्या जागी माती भुसभुशीत असते, ओल धरते, आणि पीक तिथं उंच, हिरवं राहतं. उसात हा फरक दिसत नाही.

जीपीआर, म्हणजे रडारच्या लहरींनी जमिनीखालचं शोधणारं यंत्र लावा असं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी लवकर मरतात, हातभर खालचंही नीट मिळत नाही. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत ते चांगलं चालतं, पन्हाळ्याच्या माथ्यावर वापरा. इथं खर्च वाया.

कौलारू
कौलांच्या खापऱ्यांकडं कुणी बघितलंच नाही! मंगलोरी कौलाच्या आतल्या बाजूला कारखान्याचं नाव ठसा उमटवलेलं असतं. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, त्यानंतर बाकीचे कारखाने निघाले. म्हणून एक अख्खं अक्षर असलेलं खापर मिळालं तरी छप्पर १८६५ नंतरचं हे पक्कं होतं. पुढं कोणत्या कारखान्याचं, हे ठशावरून ठरवता येतं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ला सुरू झाली. त्याआधी एवढं वजन बैलगाडीनं आणणं परवडायचं नाही, म्हणून खेड्यातल्या साध्या चर्चवर मंगलोरी कौल दिसलं तर ते १८९१ नंतरचं असण्याचीच शक्यता मोठी. आधी देशी नळीची कौलं असणार.

खापरं वेचून आणू नका. कुठं दाट, कुठं विरळ, ते पावलांनी मोजून कागदावर मांडा. जिथं सगळ्यात दाट तिथं चर्च. दफनभूमी त्याच्या बाहेर, बहुधा गावाच्या विरुद्ध अंगाला.

शेतकरी_संघ
सगळं वाचलं. पण एक स्पष्ट बोलतो. ज्यानं तीन पिढ्या रान कसलं त्याचा यात काय दोष? उद्या 'दफनभूमीवर अतिक्रमण' असा अर्ज पडला की त्याचं कर्ज, सोसायटी, ऊसनोंद, सगळं अडकणार. इतिहास लिहा, पण शेतकऱ्याच्या मानेवर बसून नको.

मंडळीचे_दप्तर
@शेतकरी_संघ दादा, तुमची काळजी रास्त आहे. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. या दफनभूमीतली बहुतेक माणसं महारवाड्यातली, मांगवाड्यातली होती. गावाच्या स्मशानात त्यांना जागा नव्हती म्हणून ही वेगळी जागा मिळवावी लागली. तीसुद्धा कागदावरून पुसली गेली आणि आपण गप्प बसलो, तर त्यांना दोनदा गावाबाहेर काढल्यासारखं होईल. शेतकऱ्याला त्रास न देता नोंद करता येते, आणि ती केलीच पाहिजे.

शेतकरी_संघ
नोंदीला माझा विरोध नाही ताई. बांधावर एक दगड बसवा, नावं लिहा, मी स्वतः तो दगड वाहून आणीन. जमीन परत मागण्याला विरोध आहे.

कायदेकानू
दोघांनी जे बोललात ते कायद्यात वेगवेगळ्या जागी बसतं, म्हणून सुटं करून सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २२: दफनभूमीसारख्या कामासाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. जागा अशी राखीव होती का, ते आकारबंद आणि जुन्या हुकमावरून कळेल. तशी नोंद नसेल आणि जागा मिशनच्या मालकीची असेल, तर प्रश्न ट्रस्टचा. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही. म्हणून ट्रस्टच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे मिळकतींच्या नोंदीत, हा नंबर होता का, आणि कमी झाला असेल तर कोणत्या मंजुरीनं, ते बघा. हा तुमचा तिसरा प्रश्न आहे: कधी, कशी गेली.

आणि एक कडक सूचना. खणायचं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१, म्हणजे जुन्या भारतीय दंडविधानाचं कलम २९७, दफनभूमीत घुसून विटंबना करणं हा गुन्हा ठरवतं. हेतू चांगला होता हे कोर्टात सांगत बसावं लागेल. नांगरताना हाड वर आलंच तर फोटो काढून तिथंच झाकायचं, पोलीस पाटलांना आणि मंडळीच्या पाळकांना कळवायचं.

बांधावरच्या दगडासाठी शेतकऱ्याची लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव, एवढं पुरतं. ठरावात 'स्मृतिफलक' लिहा, 'दफनभूमी पुनर्स्थापना' लिहू नका. दोन शब्दांनी पुढची दहा वर्षं बदलतात.

नकाशावेडा
सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच-एक मैल नकाशे कुणी सुचवले नाहीत. कोल्हापूर आणि पन्हाळा ४७ एल क्रमांकाच्या नकाशात. वारणेचा कोडोलीकडचा पट्टा ४७ एल/१. चर्चला क्रॉसची खूण असते. खेड्यातलं मातीचं चर्च दाखवलं नसेल, पण पायवाटा आणि विहिरी मिळतील. विहीर जुळली की टिपण जमिनीवर बसवता येतं.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार, खूपच मोठं काम झालं. फेरफार_सहा यांनी सांगितल्याप्रमाणे जुना नंबर मिळाला. जुन्या आकारबंदात त्या नंबराला पोटखराब ब सहा गुंठे आहे. आजच्या सातबाऱ्यावर पोटखराब शून्य. टिपणावर विहीर आहे, आणि तिच्या पूर्वेला एक चौकोन, त्यावर '३' आणि '२' असे आकडे. हे फूट नसणार, मग काय? आणि सहा गुंठ्यांत किती कबरी बसतात?

फेरफार_सहा
ते आकडे शंकू साखळीचे. एक साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा, म्हणून साखळ्या गुणिले साखळ्या थेट गुंठे येतात. तीन गुणिले दोन, सहा गुंठे. तुमचा आकारबंद आणि टिपण एकमेकांशी जुळले, जागा ९९ फूट बाय ६६ फूट. टिपणावर आकड्याच्या वर बारीक रेघ देऊन दुसरा आकडा असेल तर ते आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. सातबाऱ्याशी ताडताना सहा गुंठे म्हणजे ६.०७ आर धरा.

विहिरीपासून चौकोनाच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंतचा आकडा टिपणावर बघा आणि टेपनं जागेवर धरा. विहीर पुढं रुंद केलेली असते, म्हणून काठापासून मोजू नका, मध्यापासून मोजा.

काळीरान
कबरींचा अंदाज: एका कबरीला वाटेसकट आठ बाय चार फूट धरा, ३२ चौरस फूट. सहा गुंठे म्हणजे ६५३४ चौरस फूट, भागिले ३२, दोनशेच्या वर येतात. पण कडा, फाटकाची वाट, झाडाखालची जागा सुटते, आणि खेड्यात रांगा इतक्या घट्ट नसतात. अर्धं धरा, शंभरच्या आसपास. हा आकडा जागा किती मावते त्याचा आहे, माणसं किती पुरली त्याचा नाही. तो मंडळीचे_दप्तर ताईंच्या तक्त्यातून येईल.

मंडळीचे_दप्तर
आणि तक्त्यातली नावं शंभराच्या बरीच वर गेली तर घाबरू नका. एकाच जागी पिढ्यांनी पुन्हा पुरण्याची पद्धत असते. बरीच कमी आली तर मुलांची बाप्तिस्म्याची वही परत बघा, तिथले समासातले शेरे सुटलेले असतात.

वारणाकाठ
शेतकऱ्याशी बोलणं झालं, बांधावरच्या फलकाला तो तयार आहे. फलकासाठी कुठला दगड घ्यावा? आणि अक्षरं रंगवावीत की कोरावीत?

माळावरचा_मास्तर
काळा पाषाण, चार इंच जाड, जमिनीखाली दीड फूट. जांभा नको, अक्षर धरत नाही. ग्रॅनाइटची पॉलिश केलेली पातळ फरशीही नको, ट्रॅक्टरचा धक्का लागला की फुटते. अक्षरं कोरून, किमान तीन मिलिमीटर खोल, व्ही आकाराच्या खाचेची. रंग भरू नका, उन्हात उडतो आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी भलताच रंग फासतं. नावं वर्षाच्या क्रमानं, मुलांची नावं वेगळी न काढता त्यांच्या वर्षाच्या जागीच. फलक काळ्या मातीत नुसता पुरला तर दोन पावसाळ्यांत कलतो, उन्हाळ्यात रान भेगाळतं त्यामुळे. खाली मुरूम लागेपर्यंत खणा, दगड-चुन्याचा पाया भरा, मग दगड बसवा. पायाचा खड्डा मात्र चौकोनाच्या बाहेर, बांधाच्या रस्त्याकडच्या अंगाला घ्या.